जुना बोल्ट परत बसवावा की नवा आणावा? घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांसाठी

आपल्या खान्देशात स्वतःच्या हाताने गाडी खोलणारे पुष्कळ आहेत. घरात शेती असली की हाताला पान्याची सवय आपोआप होते. मोटरपंप, थ्रेशर, ट्रॅक्टर खोलून बसवलेला माणूस कारच्या ब्रेक पॅडला घाबरत नाही, आणि घाबरूही नये. पण निघालेला प्रत्येक बोल्ट डिझेलमध्ये धुवायचा, फडक्याने पुसायचा आणि होता तिथे परत आवळून द्यायचा, ही ट्रॅक्टरवरची सवय जशीच्या तशी कारवर आणू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

याच्या उलट टोकही मी पाहिलं आहे. व्हिडिओ पाहून घाबरलेला माणूस कंपनीचे चांगले बोल्ट भंगारात टाकतो आणि हार्डवेअरच्या दुकानातून चकचकीत नवे आणतो. ते तर जास्त धोक्याचं. गाडीसोबत आलेला, आटे शाबूत असलेला जुना बोल्ट हा बाजारातल्या बिननंबरच्या नव्या बोल्टपेक्षा केव्हाही भरवशाचा. त्यामुळे ‘जुना की नवा’ याचं उत्तर प्रत्येक वस्तूला वेगळं आहे.

बोल्ट धरतो कसा

बोल्ट आवळला की तो किंचित लांबतो. डोळ्याला दिसत नाही, पण पोलादाची ती स्प्रिंग ताणली जाते आणि परत आखडायला बघते. त्या ओढीनेच दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. ताण मर्यादेत असेल, तर सैल केल्यावर बोल्ट मूळ लांबीवर येतो. असा बोल्ट तपासून परत वापरायला काही हरकत नसते.

काही वस्तूंचं काम मात्र स्वतः मोडून घेतल्याशिवाय होतच नाही. नट फिरू नये म्हणून घातलेल्या स्प्लिट पिनेचे पाय वाकवावे लागतात. इंजिन ऑइलच्या चेंबरच्या बोल्टखालचा वायसर चेपला जातो, तेव्हाच ऑइल थांबतं. नायलॉक नटाच्या प्लॅस्टिकच्या कड्यात बोल्ट स्वतःचे आटे दाबून उमटवत जातो. इंजिनाचं हेड धरून ठेवणारा हेड बोल्ट तर पुष्कळ गाड्यांत मुद्दाम लवचीकपणाच्या मर्यादेपलीकडे ओढलेला असतो. धरण्यासाठी जो वाकला, चेपला किंवा कायमचा ताणला गेला, त्याचं काम एकदाच असतं. वस्तू हातात आली की पहिल्यांदा हेच विचारायचं: हिने धरताना स्वतःचं काय दिलं?

आणि दुसरं: ही सुटली तर काय होईल? मडगार्डचा प्लॅस्टिक खटका सुटला तर खडखड होईल. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा नट सुटला तर चाक आडवं होईल. शंका दोन्हीकडे सारखीच असली, तरी निर्णय सारखा घेऊन चालत नाही.

गाडी खोलण्याआधीच सामान आणा

माझ्या मते या लेखातली सगळ्यात कामाची पायरी हीच. जुनी पिन परत घालणाऱ्या माणसाला ती चूक आहे हे बहुतेक वेळा माहीत असतं. पण रविवारची दुपार असते, गाडी जॅकवर असते, दुकान बंद असतं आणि सोमवारी सकाळी ड्यूटी असते. तळोदा, चोपडा, साक्री अशा गावांत तर नेमका नट धुळ्याहून किंवा जळगावहून मागवावा लागतो, म्हणजे एक-दोन दिवस गेलेच. अडलेला माणूस मग ‘चालून जाईल’ म्हणतो.

म्हणून काम ठरलं की आदल्या आठवड्यात गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल काढा. त्या कामात एकदाच वापरायच्या वस्तूंवर मॅन्युअलमध्ये बहुधा खूण केलेली असते. त्या लिहून घ्या, गाडीचा चॅसी नंबर सोबत न्या आणि पार्ट नंबरवरून सामान मागा. स्प्लिट पिना, तांब्याचे वायसर, नायलॉक नट थोडे जास्तच आणून डबीत ठेवा. ते काही नासत नाहीत.

खोलताना एक पुठ्ठा घ्या, त्यावर भागाचं ओबडधोबड चित्र काढा आणि जिथला बोल्ट तिथेच भोक पाडून खोचा. एकाच भागाला तीन लांबीचे बोल्ट असणं नेहमीचं आहे. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण भाग दाबला गेलेलाच नसतो.

अंगणात काळी माती असेल तर जॅक आणि स्टँड दोन्हींखाली जाड फळी घाला. पावसाळ्यात तर शहाबादी फरशीच्या कडेलाही जॅक लावू नका.

जे एकदाच वापरायचं

स्प्लिट पिन कधीही परत नाही. सरळ केलेली पिन वरून चांगली दिसते, पण वाकलेल्या जागी तिला आतून चीर गेलेली असू शकते. चहाच्या पैशात येणाऱ्या वस्तूवर स्टिअरिंगचा बॉल जॉइंट सोडू नका.

नायलॉक नटाची घरगुती परीक्षा सोपी आहे. नट हाताने फिरवत न्या. प्लॅस्टिकच्या कड्याशी तो अडला पाहिजे आणि पुढे पाना लागला पाहिजे. बोटांनीच पलीकडे गेला तर तो साधा नट झाला. बॅटरीच्या क्लॅम्पला किंवा नंबर प्लेटला परीक्षा पास झालेला जुना नायलॉक मी लावतो. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगला परीक्षा घेतच नाही, नवाच. सायलेन्सरजवळ नायलॉक नवाही नको, कारण साधारण 120 अंशांपुढे ते नायलॉन टिकत नाही. तिथे पूर्ण धातूचा लॉक नट लागतो.

चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा हब नट नीट बघा. कॉलर ठोकून खाचेत बसवलेली असेल तर तो नट एकदाच. ठोकलेली जागा सोडून दुसरीकडे ठोकू, असं पुष्कळ जण म्हणतात. पण पुन्हा ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळायच्या ठरावीक जोराला, आवळल्यावर जुनी ठोकलेली जागाच खाचेसमोर येते आणि तिथला पत्रा आधीच फाटलेला असतो.

त्याच शाफ्टच्या सीव्ही जॉइंटच्या रबरी बुटावरची कान दाबायची पट्टी, हेड पॅकिंग, इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर, ब्रेकच्या होजवरचे तांब्याचे वायसर हे सगळं नवंच. डिझेल गाड्या आपल्याकडे भरपूर, म्हणून इंजेक्टरच्या वायसरबद्दल दोन शब्द जास्त. जुना वायसर परत घातला की कॉम्प्रेशन तिथून फुसफुसतं, मग इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो आणि पुढच्या वेळी इंजेक्टर निघता निघत नाही. नवा घालण्याआधी खालची बैठक साफ करा, आणि जुना वायसर आत चिकटून राहिलेला नाही ना, तेही बॅटरी मारून बघा.

हेड बोल्टचा प्रश्न मॅन्युअलच सोडवतं. आधी ठरावीक न्यूटन मीटर (टॉर्कचं माप), मग 90 अंश, पुन्हा 90 अंश, अशी अंशांची भाषा दिसली की तो बोल्ट बहुधा कायमचा ताणला जाणारा आहे असं समजा. काही कंपन्या लांबीची किंवा मानेच्या जाडीची मर्यादा देतात आणि त्यात बसला तर परत वापरू देतात. तेव्हा व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावा आणि प्रत्येक बोल्ट मोजा. मर्यादा दिलेलीच नसेल तर पूर्ण संच नवा. कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हीलच्या बोल्टांनाही हाच न्याय.

तांब्याच्या वायसरची एक सवलत

इंजिन ऑइल बदलताना चेंबरच्या बोल्टखाली तांब्याचा सपाट वायसर असेल आणि नवा मिळत नसेल, तर जुन्याला एक जन्म आणखी देता येतो. तांबं दाबलं गेलं की कडक होतं, आणि तापवलं की पुन्हा मऊ पडतं. वायसर पकडीत धरून गॅसच्या ज्योतीवर फिकट लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात टाकायचा आणि वरची काळी खपली बारीक पॉलिश पेपरने काढायची. आधी टेबलावर टाकल्यावर टणटण वाजणारा वायसर नंतर बोटांनी वाकेल इतका नरम होतो. दोन्ही बाजूंना खोल ओरखडा नसेल तरच हे करा. अ‍ॅल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग नको. तो लाल होत नाही, सरळ वितळतो. ब्रेकच्या वायसरवरही नको, तिथे सवलत नाहीच.

बोल्टची तपासणी

आता उरले साधे बोल्ट आणि नट, म्हणजे निघालेल्या सामानातला मोठा हिस्सा. ते तपासूनच ठरवायचं.

आधी रॉकेल किंवा डिझेल आणि तारेचा ब्रश. पेट्रोल नको, भर उन्हाळ्यात तर अजिबात नको. बोल्ट स्वच्छ झाल्याशिवाय त्याच्याविषयी काही ठरवू नका, मातीखाली काय दडलंय ते कळत नाही.

मग डोक्यावरचा नंबर वाचा. 8.8 म्हणजे पहिला आकडा गुणिले 100, साधारण 800 मेगापास्कल ताणाला बोल्ट तुटतो, आणि त्याच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 640 ला, कायमचा ताणला जायला लागतो. 10.9 म्हणजे 1000 आणि 900. हा नंबर लिहून ठेवा, कारण नवा घ्यायची वेळ आली तर त्याच्या खालचा घ्यायचा नाही.

आता बोल्ट आडवा धरून खिडकीच्या उजेडाकडे करा. शेजारी तसाच नवा किंवा दुसऱ्या बाजूचा चांगला बोल्ट घ्या आणि दोघांचे आटे एकमेकांत बसवा, फणीत फणी घालावी तसे. पूर्ण लांबीभर बसले आणि मधून उजेड आला नाही तर बोल्ट ताणलेला नाही. तीन-चार आट्यांनंतर फट दिसायला लागली, किंवा मान मध्येच बारीक झालेली दिसली, तर तो बोल्ट गेला. आमच्या गल्लीतले म्हातारे मिस्तरी, सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात, हे बघताना बोल्ट डोळ्याजवळ नेतात, हळूहळू फिरवतात आणि बाजूला ठेवत एवढंच म्हणतात, “हाऊ बोल्ट आते कामना नही, भाऊ.” मी पहिल्यांदा वाद घातला होता. व्हर्नियरने मोजल्यावर मान खरंच बारीक निघाली.

शेवटची परीक्षा बोटांची. स्वच्छ नट बोल्टवर टाकून फक्त बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. मध्ये कुठे अडकला तर तिथला आटा दबलेला आहे. एखादा टोकाचा आटा दबला असेल तर डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून सरळ होतो. मधले आटे चेपले असतील, किंवा आट्यांत दुसऱ्या धातूचा चमकता पत्रा गुंडाळून आलेला असेल, तर बोल्ट टाका आणि ज्यातून आला ते भोकही तपासा. तो पत्रा बहुतेक वेळा भोकाचे आटे असतात.

गंजाबद्दल घाबरण्याआधी गाडीचा इतिहास बघा. आपल्याकडची हवा कोरडी. एमएच 18, 19 किंवा 39 ची, इथेच वाढलेली गाडी असेल, तर बोल्टवर बहुधा तांबूस भुकटी असते, जी ब्रशने निघते आणि खाली धातू गुळगुळीत लागतो. असा बोल्ट खुशाल वापरा. पण जुनी गाडी मुंबईहून किंवा कोकणातून आणलेली असेल, तर खालच्या बाजूचा गंज खाऱ्या हवेचा असतो. ब्रशनंतर नखाला खड्डे लागतात, बोल्टची मान खाल्लेली असते. त्या बोल्टची जाडी कमी झाली म्हणजे ताकदही कमी झाली. सस्पेन्शन आणि सबफ्रेमचे असे बोल्ट मी एकही परत बसवत नाही.

डोक्याचे कोपरे गोल झाले असतील, तर बोल्ट आज चालेल, पण पुढच्या वेळी निघणार नाही. तो आत्ताच बदला.

नवा घेताना

दुकानात ‘दहाचा बोल्ट’ मागू नका. 10 मिलिमीटरच्या बोल्टला 1.25 चा आटा (दोन आट्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असतो आणि 1.5 चाही. मारुतीसारख्या जपानी घराण्याच्या गाड्यांत 1.25 नेहमीचा, तर हार्डवेअरच्या दुकानात सहसा 1.5 मिळतो. दोन-तीन आटे तो बोटांनी जातो, मग पाना लावून जोर केला की अ‍ॅल्युमिनियमचं भोक फाटतं. चाकांचंही तसंच. मारुतीच्या चाकाचा नट 12 बाय 1.25, ह्युंदाईचा 12 बाय 1.5. वरून दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे जुना बोल्ट सोबत नेऊन आटे जुळवूनच घ्या.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर आणखी एक खूण सांगतो. या जपानी घराण्याच्या गाड्यांत 8 मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा 12 चा पाना लागतो. बाजारातल्या 8 च्या बोल्टला 13 चा. अशा गाडीत एका भागाला तीन बोल्ट 12 चे आणि एक 13 चा निघाला, तर तो आधीच्या कुणीतरी बाहेरचा घातला आहे. त्याचा नंबर वाचा आणि भोकाचे आटे बघा.

स्टीलचा न गंजणारा बोल्ट म्हणजे भारी, असा समज घट्ट बसला आहे. नेहमी मिळणारा ए2-70 हा 700 मेगापास्कलचा, म्हणजे 8.8 पेक्षा कमी ताकदीचा. शिवाय स्टीलवर स्टील आवळताना आटे एकमेकांना चिकटून बसतात. नंबर प्लेटला लावा, ब्रेकला नको.

ब्रेकचा बोल्ट: माझ्यावर आलेला प्रसंग

काही वर्षांपूर्वी मी घरी पुढच्या डिस्क बदलल्या. डिस्क काढायला कॅलिपरचा, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा, ब्रॅकेट सोडावा लागतो, त्याला दोन मोठे बोल्ट असतात. त्यांच्या आट्यांवर निळसर, वाळलेला थर होता. मला ती घाण वाटली. मी मन लावून तारेच्या ब्रशने बोल्ट चकचकीत केले आणि कोरडेच बसवले.

आठेक दिवसांनी आम्ही सगळे वेरूळला गेलो. परतताना कन्नडचा घाट उतरताना प्रत्येक ब्रेकला उजव्या पुढच्या चाकातून ‘टक्’ असा आवाज यायला लागला. आई मागे बसली होती, तिला आधी ऐकू आला. सपाट जागा बघून गाडी घेतली, चाक काढलं. ब्रॅकेटचा वरचा बोल्ट माझ्या बोटांनी फिरत होता. तीन आटे बाहेर आला होता. खालच्या एकट्या बोल्टवर आम्ही अर्धा घाट उतरलो होतो.

तो निळा थर कारखान्यातून लावलेला थ्रेडलॉक, म्हणजे आटे चिकटवून धरणारा गम, होता. बोल्टच्या पोलादात काही खोट नव्हती, त्याला धरून ठेवणारी वस्तू मात्र एकदाच वापरायची होती आणि ती मी घासून काढली होती. म्हणून आट्यांवर निळा, हिरवा, लाल असा रंग दिसला की थांबा. मॅन्युअल नवा बोल्ट सांगत असेल तर नवाच आणा. परत वापरायची परवानगी असेल तर जुना थर पूर्ण काढा, बोल्ट आणि भोक दोन्ही ब्रेक क्लीनरने तेलमुक्त करा, मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉक लावा आणि ठरलेल्या टॉर्कला आवळा. पूर्ण पकड यायला साधारण 24 तास लागतात, तेवढा वेळ गाडी उभी ठेवायच्या बेतानेच काम काढा. लाल थ्रेडलॉक घरी वापरू नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही.

रबर, खटके, क्लिपा

आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास असतो, बॉनेटखाली किती होत असेल ते हात लावणाऱ्यालाच कळतं. त्या उष्णतेत रबराचं वय लवकर होतं. ओ-रिंग नखाने दाबा. खळगा लगेच भरून आला आणि रिंग गोलसर असेल तर ठीक. चपटी पडली असेल, वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या, तर नवी. कूलंटच्या आणि पेट्रोल-डिझेलच्या लाइनवर मात्र मी बघत बसत नाही, उघडली की नवीच. टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग मऊ असेल तर एकदा परत चालतं.

रेडिएटर होजची स्प्रिंगची क्लिप ताण धरून असेल तर वर्षानुवर्षं चालते, तिला उगाच बदलून स्क्रूची क्लिप लावू नका. रबर तापून फुगतं, थंडीत आखडतं. स्प्रिंग त्याच्यासोबत जाते, स्क्रू जात नाही.

बंपरचे प्लॅस्टिक खटके सकाळी गार असताना नव्हे, थोडं ऊन लागल्यावर काढा, कमी तुटतात. तुटले तर नवे लावा. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

परत बसवताना

प्रत्येक बोल्टचे पहिले चार-पाच आटे बोटांनी. अडला तर उलटा फिरवा, हलकी ‘टिक’ जाणवली की पुन्हा सुलटा. आटे आपली जागा शोधतात.

आट्यांना तेल लावायचं की नाही, हे मॅन्युअल सांगेल. तेल लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून चाकांच्या नटांना तेल-ग्रीस नको. त्यांचा निमुळता चेहराही बघा. तो घासून वळ पडले असतील तर नट बदला.

लहान बोल्ट हाताच्या अंदाजावर सोडू नका. 6 मिलिमीटरच्या 8.8 बोल्टला साधारण 10 न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे छोट्या पान्यावर मनगटाचा जोर. शेतीच्या कामाने तयार झालेला हात तो सहज तोडतो. पूर्ण टॉर्कला तुटला असं वाटणारा बोल्ट बऱ्याचदा दुपटीने आवळलेला असतो.

स्पार्क प्लगचं वेगळं. वायसरवाला नवा प्लग बोटांनी टेकला की पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. साफ करून परत घातलेल्याचा वायसर आधीच चेपलेला, त्याला फक्त एक बारांश फेरा, म्हणजे घड्याळाच्या काट्याचं एक घर. जुन्याला नव्याइतका फिरवला तर हेडचे आटे जातात.

सस्पेन्शनच्या रबरी बुशातला बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, तिच्या नेहमीच्या उंचीवर आल्यावर शेवटचा आवळा. लटकत्या चाकाला आवळला तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

काम झालं की आवळलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट टॉर्क पान्याने परत बघा आणि बॅटरी मारून त्या रेघा तपासा. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरला आहे. त्याला तसाच परत आवळू नका. काढा, पुठ्ठ्यावर ठेवा आणि का फिरला ते शोधून मगच त्या जागी काय बसवायचं ते ठरवा.